कॅम्पर व्हॅनसाठी सिम कुठलं घ्यावं? बेळगाव, चोर्ला, दांडेली, आंबोली भागातलं नेटवर्क

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुम्ही जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन तिची कॅम्पर करून घेतलीय, मागं बेड, छोटा ओटा, वर सोलर. वहिनींचं पुण्याच्या कंपनीचं काम ऑनलाइन आहे, सोमवार ते शुक्रवार लॅपटॉपवर कॉल असतात. बेळगावातून निघून चोर्ल्यानं गोवा, येताना अनमोडवरून लोंढा, तिथनं दांडेली-जोयडा आणि पावसाळ्यात आंबोली-तिलारी असा बेत आहे. घरातली सगळी सिमं एकाच कंपनीची आहेत, ती सगळी उचलून दुसऱ्या कंपनीत पोर्ट करू का आणि कुठल्या, एवढंच तुम्ही विचारलंय.

पोर्ट करायचं जरा थांबवा. सगळी सिमं अ मधून काढून ब मध्ये टाकली तर आज जिथं अ नाही तिथं अडता, उद्या जिथं ब नाही तिथं अडणार, फरक काहीच नाही.

मी या पट्ट्यात बरीच वर्षं ड्राइव्ह टेस्टचं काम केलंय. म्हणजे गाडीत लॅपटॉप, डॅशबोर्डवर वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घातलेले फोन, छतावर जीपीएसचा अँटेना, इन्व्हर्टर, आणि दिवसभर ठरलेल्या रस्त्यानं फिरत कॉल लावायचे-तोडायचे आणि सिग्नल कुठं किती, कॉल कुठं तुटला याचा लॉग घ्यायचा. आता टॉवर मेंटेनन्सकडं आहे. ठेकेदाराकडचा माणूस आहे मी, आज या कंपनीची साइट उद्या त्या कंपनीची, त्यामुळं कुणाचा झेंडा खांद्यावर नाही.

आता तुमचा खरा प्रश्न काय आहे ते बघू. गाडी चालू असताना घाटात नेट गेलं तर तुमचं काय बिघडतंय? मॅप आधी डाउनलोड केलेला असला की काहीच नाही. बिघडतं कधी, तर सकाळी दहाला वहिनींचा कॉल आहे आणि गाडी अशा जागी उभी आहे जिथं रात्री युट्यूब चालत होतं पण आता आवाज तुटायलाय. म्हणजे तुम्हाला अख्ख्या रस्त्याचं नेटवर्क नकोच आहे, मुक्कामाच्या पाच-सहा जागांचं पाहिजे, ते पण ऑफिसच्या वेळेत, आणि ते पण अपलोडचं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं.

कुठल्या गावात कुठल्या कंपनीचं येतंय ते मी नावानिशी लिहिणार नाही. कारण सांगतो. एखाद्या साइटवर नवीन बँड लागला, अँटेनाचा टिल्ट म्हणजे झुकाव दोन डिग्री खाली केला, किंवा जागेच्या मालकाशी भाड्यावरून वाजलं आणि टॉवर उतरवला, की सगळं चित्र बदलतं. आज मी जांबोटीचं लिहिणार आणि गणपतीनंतर कुणीतरी ते वाचून जाणार आणि मला शिव्या घालणार. शिवाय तुमचा फोन कुठला, तुम्ही थांबता ती जागा रस्त्याच्या वर की खाली, महिना कुठला, यावर एकाच गावात दोन माणसांचा अनुभव वेगळा असतो. पण नेटवर्क का येतं आणि का जातं हे कळलं तर तुमचं तुम्हाला ओळखता येईल, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट फ्रिक्वेन्सी. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ हे खालचे बँड लांब जातात, झाडीतून आणि भिंतीतून त्यातल्या त्यात बरे शिरतात. १८०० आणि २१०० मधले. २३०० आणि २५०० ला डेटा भरपूर पण पल्ला कमी, आणि ५जीचा ३३०० तर त्याहून कमी. बेळगाव शहरात टिळकवाडीत नाहीतर शहापुरात टॉवर जवळजवळ असतात, तिथं वरचे बँड मस्त चालतात, म्हणून शहरातल्या स्पीडवरून खानापूरच्या पश्चिमेचा अंदाज कधीच करू नका. जंगलात खालचा बँडच कामाला येतो. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर आहे, एअरटेल आणि व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) कडं खालच्या बाजूला ९०० आहे, आणि बीएसएनएलनं जे स्वदेशी ४जी उभं केलं, ज्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, ते ७०० आणि २१०० वर आहे. जिओला २जी-३जी नाहीच, त्यांचा साधा कॉल सुद्धा ४जीवरूनच जातो, म्हणजे ४जी गेलं की कॉल पण गेला. एअरटेल आणि व्हीआयचं २जी अजून आहे, तिथं नेट नसलं तरी फोन लागायची शक्यता राहते.

यात फोनचा पण वाटा असतो आणि तो कुणी बघत नाही. बीएसएनएलचा ७०० म्हणजे बँड २८, तो तुमच्या फोनमध्ये नसेल तर टॉवर समोर असला तरी उपयोग नाही. जिओचा ८५० म्हणजे बँड ५, एअरटेल-व्हीआयचा ९०० म्हणजे बँड ८. फोनचं मॉडेल टाकून नेटवर बँड बघून घ्या, दोन मिनिटांचं काम. भाच्यानं अमेरिकेतून आणलेला महागाचा फोन असेल तर नक्कीच बघा, तिकडच्या काही मॉडेलला आपल्याकडचा २३०० म्हणजे बँड ४० नसतो.

आता दुसरी गोष्ट, जी इंटरनेटवरच्या 'बेस्ट नेटवर्क' वाल्या लेखांत कधी येत नाही आणि आमच्या कामात रोज येते. टॉवर लाइटीवर चालतो. पावसाळ्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात वारं सुटलं, फांदी तारेवर पडली, की लाइट गेली, आणि ती कधी येईल ते लाइनमन पण सांगू शकत नाही, फोन केला की 'करंट इल्ल्री' (लाइट नाही) एवढंच उत्तर. मग टॉवर बॅटरीवर जातो. बॅटरी बँक चांगली असेल तर काही तास निघतात, जुनी झालेली असेल तर तासाभरात मान टाकते. त्यानंतर जनरेटर, म्हणजे आमच्या भाषेत डीजी. काही साइटला डीजी आहे, काहींना नाही, आणि जिथं आहे तिथं डिझेल घेऊन जायचा रस्ता चिखलाचा असला तर गाडी पोचेपर्यंत साइट बंद. म्हणून लाइट जाऊन बराच वेळ झाला आणि मग हळूहळू सगळ्या गावाचं नेट गेलं, तर ते सिग्नलचं दुखणं नसतं, सिम बदलून ते बरं होत नाही.

त्याच्या जोडीला बॅकहॉल. टॉवरवरून पुढं डेटा जातो तो फायबरनं नाहीतर मायक्रोवेव्हनं, ती गोल डिश दिसते ना टॉवरवर, ती. तुमच्या फोनच्या फ्रिक्वेन्सीला पावसाचा फारसा त्रास नाही, पण त्या डिशची फ्रिक्वेन्सी खूप वरची असते, १५ गिगाहर्ट्झच्या पुढं, तिला मुसळधार पावसात मार बसतो. आणि फायबर असलं तर रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीवाला तोडतो. अशा वेळी फोनवर काड्या फुल दिसतात आणि नेट शून्य, मग लोक सिम काढून पुसून परत घालतात. काही उपयोग नाही, टॉवर आहे पण त्याच्या मागची वाट तुटलीय.

यावरूनच सिमच्या जोडीचा मुद्दा येतो आणि माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. दोन कंपन्यांची सिमं घेतली म्हणजे दोन नेटवर्क झाले असं सगळे धरून चालतात. पण आपल्याकडं टॉवर भाड्यानं असतात, एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना, खाली यंत्रांची खोली एक, लाइटीचं कनेक्शन एक, डीजी एक. डिझेल संपलं की सगळे एकदम खाली. एअरटेल आणि व्हीआय हे दोघंही इंडस टॉवर्सचे मोठे भाडेकरू, त्यामुळं खेड्यापाड्यात या दोघांचे अँटेना एकाच टॉवरवर असायची शक्यता जास्त. जिओचे बरेचसे टॉवर वेगळ्या कंपनीकडं आहेत, बीएसएनएलचे बहुतेक स्वतःचे. सगळीकडं असंच असतं असं नाही, शेअरिंग सगळ्यांत होतं, पण पहिलं सिम जिओ किंवा एअरटेलपैकी एक आणि दुसरं त्याच्या टॉवरवर नसायची शक्यता असलेलं, असा विचार करा. जिओ + एअरटेल ही जोडी किंवा यातलं एक + बीएसएनएल ही जोडी, एअरटेल + व्हीआय पेक्षा या भागात मला जास्त पटते. यात व्हीआय वाईट असं म्हणायचं नाही, महाराष्ट्र सर्कलमध्ये (सर्कल म्हणजे मोबाइल कंपन्यांसाठी पाडलेला विभाग) आयडियाचं जाळं जुनं आहे, चंदगड-आजऱ्याकडं तुमचा मुक्काम जास्त असेल तर ते सिम पण टेस्टला जरूर घ्या.

डोंगरातली आणखी एक गंमत सांगतो. लोकांना वाटतं उंच जागी नेटवर्क चांगलं. चोर्ल्याच्या सड्यावर म्हणजे पठारावर, कड्याच्या टोकाला गाडी लावतात, खाली गोवा दिसतो, फोनवर काड्या पण येतात, आणि कॉल लावला की तुटतो. कारण त्या उंचीवरून फोनला खालचे, लांबचे, पंधरा-वीस किलोमीटरवरचे टॉवर एकदम दिसायला लागतात, सगळे थोडे-थोडे, एकही धड नाही. जत्रेत दहा लाउडस्पीकर एकदम चालू असले की आवाज मोठा पण शब्द एकही कळत नाही, तसं होतं. त्यात प्रत्येक सेलला, म्हणजे टॉवरवरच्या एकेका अँटेनाच्या पट्ट्याला, किती अंतरापर्यंतच्या फोनला जोडून घ्यायचं याची मर्यादा ठरवलेली असते, त्याच्या बाहेरचा टॉवर दिसतो पण घेत नाही. यावर उपाय एकदम साधा, टोकावरून शंभर मीटर मागं या, मध्ये उंचवटा येऊदे, म्हणजे खालचे टॉवर झाकले जातील आणि जवळचा एक टॉवर नीट मिळेल. व्ह्यू जाईल, पण वहिनींचा कॉल चालेल. संध्याकाळी परत टोकावर जावा की.

आता सीमेचं. बाहेरच्या लोकांना हे कळत नाही पण आपल्याला रोजचं आहे. बेळगावचं सिम कर्नाटक सर्कलचं. शिनोळी ओलांडून चंदगडात गेलात, कोगनोळीच्या पुढं कागलकडं गेलात, किंवा घाट उतरून गोव्यात गेलात की महाराष्ट्र सर्कल लागलं, गोवा त्याच सर्कलमध्ये आहे. म्हणून गोव्यातून सिंधुदुर्गात जाताना सर्कल बदलत नाही, पण बेळगावातून पंधरा-वीस किलोमीटर पश्चिमेला गेलं तरी बदलतं. जुन्या लोकांना आठवत असेल, रोमिंगमध्ये इनकमिंगला पण पैसे पडायचे, आपल्या सीमाभागातले व्यापारी एक कर्नाटकाचं आणि एक महाराष्ट्राचं अशी दोन सिमं बाळगायचे, स्पाइसचं सिम खिशात असायचं त्या काळात. आता पैशाचा प्रश्न मिटला, देशात रोमिंगचा वेगळा चार्ज लागत नाही, पण फोनच्या दृष्टीनं ते अजून रोमिंगच आहे. कंपनी एकच असली तरी दोन सर्कलचे नेटवर्क कोड वेगळे, उदाहरणार्थ एअरटेल कर्नाटक ४०४-४५ आणि एअरटेल महाराष्ट्र ४०४-९०.

याचे दोन परिणाम होतात. एक, सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' बंद असेल तर सीमा ओलांडली की कॉल चालतात आणि नेट बंद पडतं. निम्म्या तक्रारी याच असतात, ते चालू करून ठेवा, खर्च वाढत नाही. दुसरा परिणाम जरा लपलेला आहे. फोन आपल्या घरच्या सर्कलला चिकटून राहतो. तुम्ही शिनोळीच्या पलीकडं थांबलाय, समोर महाराष्ट्राचा टॉवर दणदणीत आहे, तरी फोन मागच्या कर्नाटकातल्या टॉवरचा मरतुकडा सिग्नल बऱ्याचदा सोडत नाही. अशा वेळी फ्लाइट मोड चालू-बंद करून बघा, नाही जमलं तर नेटवर्क सिलेक्शन ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल करा आणि यादीतून हातानं निवडा. तिथनं निघताना परत ऑटोमॅटिक करायला विसरू नका, नाहीतर बेळगावात येऊन 'नो सर्व्हिस' दिसेल आणि कंपनीला शिव्या पडतील.

थोडक्यात आतापर्यंतचं: मुक्कामाची जागा महत्त्वाची, खालचे बँड असलेला फोन पाहिजे, दोन सिमं वेगवेगळ्या टॉवरवरची पाहिजेत, आणि डेटा रोमिंग चालू. आता टेस्ट कशी करायची.

आधी घरी बसून नकाशे बघा. ट्रायच्या म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणं कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो, त्यात २जी, ४जी, ५जी वेगळं दिसतं. पण त्या रंगाला भुलू नका, तो बराचसा कॉम्प्युटरनं काढलेला अंदाज असतो, उघड्यावर उभ्या माणसासाठी. पत्र्याच्या गाडीत, दरीत, ओल्या झाडीत तो लागू होत नाही. नकाशावर जिथं पांढरं आहे तिथं नाहीच असं धरा, जिथं रंग आहे तिथं कदाचित असं धरा. भीमगड अभयारण्याच्या आतला भाग, हेम्मडगा-तळेवाडीकडं, किंवा काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आतली गावं, तिथं टॉवर उभारायला वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळं टॉवर विरळच राहणार. तिथं कामाचा दिवस ठेवू नका, शनिवार-रविवार ठेवा.

मग जागेवर. फोनवरच्या काड्यांवर माझा अजिबात विश्वास नाही, प्रत्येक फोन कंपनी काड्या आपल्या मनानं दाखवते. अँड्रॉइडमध्ये नेटमॉन्स्टरसारखं ॲप टाका, किंवा डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबून बघा, बऱ्याच फोनमध्ये उघडतं. त्यात आरएसआरपी नावाचा उणे आकडा दिसतो, टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय ते तो सांगतो. उणे ९० च्या आसपास किंवा त्याहून चांगला असेल तर निवांत. उणे १००-१०५ पर्यंत काम होतं. उणे ११० च्या खाली गेला की व्हिडिओ विसरा, आणि उणे ११८-१२० ला फोन नुसता बॅटरी खातो. त्याच्या शेजारी एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, असेल तो पण बघा, तो शून्याच्या खाली असेल तर आरएसआरपी चांगला असून पण हाल होणार, सड्याच्या टोकावर होतं ते हेच. त्याच ॲपमध्ये दोन्ही सिमचे सेल दिसतात, ते कुठल्या दिशेला आहेत ते बघा, डोळ्यानं टॉवर दिसत असेल तर त्यावर किती प्रकारचे अँटेना आहेत ते बघा, चहाच्या टपरीवर विचारा की लाइट गेली की किती वेळानं नेट जातंय आणि कुणाचं आधी जातंय. टपरीवाल्याचं उत्तर माझ्या लॉगपेक्षा खरं असतं, हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

स्पीड टेस्ट करताना डाउनलोड बघून खूश होऊ नका. टॉवरचा रेडिओ वीस-चाळीस वॅटचा असतो, तुमचा फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटचा. टॉवरचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं त्याला जात नाही. म्हणून रात्री युट्यूब चालतं आणि सकाळी वहिनींचा आवाज पुण्यात तुटतो. अपलोड २ एमबीपीएसच्या वर स्थिर असेल तर व्हिडिओ कॉल बिनधास्त, १ च्या आसपास असेल तर कॅमेरा बंद ठेवून, आणि नुसत्या आवाजाला तर १०० केबीपीएस सुद्धा पुरतं, फक्त ते सलग पाहिजे. टेस्ट सकाळी दहा-अकराला करा. आणि गर्दीचे दिवस टाळा. जुलैतल्या रविवारी आंबोलीत, किंवा पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर सिग्नल फुल असतो आणि नेट हलत नाही, तिथं एका टॉवरवर हजारो फोन बसलेले असतात, त्याला इलाज नाही.

गाडीचं आता. ट्रॅव्हलरचं पत्र्याचं अंग सिग्नलला साधारण दहा डीबी तरी खातं, म्हणजे दहावा हिस्सा आत पोचतो. काचेवर चमकणारी मेटलची फिल्म असेल तर अजून वाईट. लॅपटॉप बेडवर आणि फोन उशीखाली ठेवून हॉटस्पॉट करणारे लोक बघितलेत मी. फोन काचेला लावा, टॉवरच्या बाजूच्या. त्याहून चांगलं म्हणजे १२ व्होल्टवर चालणारा ४जी राउटर घ्या, ज्याला बाहेरचा अँटेना जोडायला एसएमए नावाचे स्क्रूवाले सॉकेट असतात, आणि छतावर दोन केबलवाला मायमो अँटेना (एकाच डब्यात दोन अँटेना) बसवा. केबल लांब घेऊ नका, दोन-तीन मीटरच्या पुढं गेली की अँटेनाची कमाई केबलच खाते. छताला भोक पाडणार असाल तर सिलिकॉन नीट भरा, आपला पाऊस कुठूनही शिरतो. राउटर घेताना परत तेच, बँड ५, ८, २८, ४० आहेत का बघा, आणि तो एकाच कंपनीला लॉक केलेला नको.

बूस्टर मात्र घेऊ नका. ऑनलाइन मिळतो, दुकानदार पण दाखवतात, डब्बा लावला की काड्या फुल. खासगी माणसानं परवानगीशिवाय मोबाइल सिग्नलचा बूस्टर-रिपीटर लावणं आपल्याकडं बेकायदेशीर आहे, दूरसंचार खात्याचे लोक शोधून काढतात, दंड होतो. त्याशिवाय हा डब्बा टॉवरच्या रिसीव्हरमध्ये गोंगाट भरतो आणि आसपासच्या सगळ्यांचं नेट बिघडवतो. राउटरचा अँटेना वेगळा, तो फक्त तुमच्याच राउटरचा सिग्नल घेतो-देतो, त्याला हरकत नाही. सॅटेलाइट फोनचं पण तेच, गोव्याला आलेल्या परदेशी पाहुण्यानं 'घे रे हा' म्हणून दिला तरी घेऊ नका, परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं गुन्हा आहे. आणि घरच्या पत्त्यावर घेतलेलं एअरफायबर (टॉवरवरून बिनवायरचं येणारं घरचं नेट) उचलून गाडीत बसवायचा विचार कुणीतरी खाली सुचवलाय, ते कनेक्शन त्या पत्त्यासाठीच असतं, फिरवण्यासाठी नाही.

होमस्टेच्या अंगणात गाडी लावणार असाल तर एक सोय लक्षात ठेवा. जोयडा-गणेशगुडी भागात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला सिग्नल नसतो पण मालकाकडं फायबरचं वायफाय असतं. जिओ आणि एअरटेलला वायफाय कॉलिंग आहे, ते फोनच्या सेटिंगमध्ये चालू केलेलं असेल तर त्या वायफायवरून तुमच्या नंबरचा साधा कॉल लागतो, आणि बऱ्याच फोनवर बँकेचा ओटीपी पण येतो. बुकिंग करताना 'वायफाय आहे का' एवढंच विचारू नका, 'लाइट गेल्यावर चालतं का' ते विचारा. राउटरला छोटा यूपीएस नसेल तर ते वायफाय लाइटीबरोबर जातं. तुमच्या गाडीत सोलर आहेच, मालकाच्या राउटरला एक वायर दिली तर तो चहा पण पाजेल.

५जीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, या रस्त्यावर ५जीसाठी पैसे जास्त मोजू नका. कमजोर ५जी पकडत-सोडत फोन गरम होतो आणि कॉल अडखळतो. मुक्कामाला नेट वर-खाली होत असेल तर फोन ४जीवर लॉक करून बघा, पुष्कळदा तिथंच सुटतं.

मग मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? आहे ते मुख्य सिम, ज्यावर बँक आणि आधार आहे, ते हलवलं नसतं. सिम बदलून घेतल्यावर, म्हणजे सिम स्वॅप केल्यावर, सात दिवस पोर्टिंग होत नाही, आणि एका कंपनीत गेल्यावर ९० दिवस तिथंच राहावं लागतं, हे आधी माहीत असूदे, ऐन ट्रिपच्या तोंडावर नंबर लटकायला नको. दुसऱ्या कंपनीचं नवीन प्रीपेड वहिनींच्या नावानं घेऊन ते राउटरमध्ये टाकलं असतं, एक महिन्याच्या पॅकवर. मोठा वर्षाचा रिचार्ज टेस्ट होईपर्यंत नाही, जुलै २०२४ मध्ये दर वाढल्यापासून चुकीचा वार्षिक पॅक खिशाला लागतो. आणि तिसरं बीएसएनएलचं, जुन्या फोनमध्ये, तो फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात. सरकारी निधीतून उभारलेल्या काही टॉवरवर जानेवारी २०२५ पासून जिओ, एअरटेल आणि बीएसएनएलचे ग्राहक एकमेकांचं ४जी वापरू शकतात अशी सोय झालीय, पण ती ठरावीक टॉवरवरच, तिच्या भरवशावर मुक्काम ठरवू नका. आणि कुठलंच सिम चालत नसेल, फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' दिसत असेल तर समजा दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर आहे, ११२ लावून बघा, लागू शकतो.

अजून एक, कामाच्या दिवसाचा मुक्काम आणि फिरायचा मुक्काम वेगळा ठेवा. कॉलच्या दिवशी खानापूर, रामनगर, दांडेली शहर, चंदगड अशा बाजाराच्या गावाजवळ राहा, तिथं टॉवर एकापेक्षा जास्त असतात आणि डिझेलची गाडी लवकर पोचते. काम संपलं की पुढं जंगलात सरका. वहिनींना पण तेच सोयीचं पडेल, आंबोलीच्या धुक्यात बसून 'माझा आवाज येतोय का' विचारत बसण्यापेक्षा.

निघायच्या आधी एक रविवार काढून दोन्ही सिमं घेऊन बेळगाव ते कणकुंबी जाऊन या, जांबोटी, कणकुंबी आणि सड्यावर तीन ठिकाणी गाडीच्या आत आणि बाहेर आरएसआरपी आणि अपलोड लिहून घ्या. रविवारचं अपलोड गर्दीमुळं कमी येईल हे धरून चाला, आरएसआरपीला त्यानं फरक पडत नाही. आकडे आणि फोनचं मॉडेल इथं टाका, कुठला सेल घेतोय ते बघून राउटरचा अँटेना कुठल्या प्रकारचा घ्यायचा ते सांगतो, तो अँटेना त्याआधी विकत घेऊ नका.